शुगरची मशीन कपाटात का जाते?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मधुमेह हा शब्द बोलण्यात फारसा येत नाही. आपण म्हणतो, 'त्याला शुगर निघाली.' घरात साप निघावा तशी ती निघते. ती निघाली की घरातले एखादे शिकलेले माणूस सांगते, एक मशीन घेऊन टाका. मग मुलगा नागपूरहून मशीन आणतो. पहिले पंधरा दिवस मोठा उत्साह असतो. रुग्णाबरोबर सून, नातू, शेजारी सगळेच बोट पुढे करतात. (प्रत्येकाला नवी सुई हवी, एकाची दुसऱ्याला कधीच वापरू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो.) वहीत आकडे लिहिले जातात. महिना-दोन महिन्यांनी पट्ट्या संपतात, नव्या आणायच्या राहून जातात आणि मशीन कपाटात कपड्यांच्या घडीमागे जाऊन बसते.

असे का होते, यावर आज मला बोलायचे आहे. मी डॉक्टर नाही, कवितेचा माणूस आहे. औषध कोणते घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण माणसे कोणत्या शब्दांत बोलतात, इकडे कवीचा कान असतो. मशीन कपाटात जाण्याची कारणे लोकांच्या बोलण्यातच सापडतात, असे मला वाटते. आळस किंवा बेफिकिरी म्हणून आपण त्यांना लवकर मोकळे करतो, इतकेच.

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा शहरी, खात्यापित्या माणसांचा रोग आहे, ही समजूत केव्हाच खोटी ठरली आहे.

साखर मोजण्याची साधने कुठून कुठे आली, तेही पाहू. जुन्या पिढीला बेनेडिक्टचे निळे द्रावण आठवत असेल. परीक्षानळीत ते द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. निळा रंग तसाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी होत विटेसारखा लाल झाला तर साखर फार. पण लघवीत साखर उतरते ती रक्तातली बरीच वाढल्यावर. म्हणजे चोर पळून गेल्यावर कळायचे की चोरी झाली. रक्तातली साखर थेट मोजणारे छोटे यंत्र अमेरिकेत १९७० च्या सुमारास आले, पण ते दवाखान्यांसाठी होते. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या एका इंजिनिअरला लहानपणापासून मधुमेह होता. त्याला ते यंत्र हवे होते, पण डॉक्टर नसलेल्याला ते मिळत नव्हते. त्याची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावावर त्याने ते मिळवले, दिवसातून अनेक वेळा स्वतःची साखर मोजली आणि आहार व इन्सुलिन यांचा मेळ घातला. पुढे चाळिशी उलटल्यावर तो स्वतःच वैद्यकीय शिक्षणाला गेला आणि डॉक्टर झाला. एका रुग्णाने ज्या वस्तूसाठी इतका खटाटोप केला, ती आज आपल्या कपाटात पडून असते.

या मोजण्याचा उपयोग किती? १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. १४४१ रुग्ण त्यात होते, सारे इन्सुलिनवर जगणारे. ज्यांनी दिवसातून अनेकदा साखर मोजून इन्सुलिनचा डोस त्याप्रमाणे बदलला, त्यांच्या डोळ्यांना, मूत्रपिंडांना आणि मज्जातंतूंना होणारी इजा पुष्कळ कमी झाली. डोळ्यांच्या विकाराचा धोका तर ७६ टक्क्यांनी घटला. आता दुसरी बाजू ऐका. २०१७ साली अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलिना राज्यातून एक अभ्यास आला. त्यात इन्सुलिन न घेणारे ४५० रुग्ण होते. काहींनी रोज एकदा साखर मोजली, काहींनी मोजलीच नाही. वर्षाअखेर दोघांच्या साखरेत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

हे दोन अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण तसे नाही. पहिल्या अभ्यासात आकडा आला की त्यावर काहीतरी केले जात होते. डोस बदलत होता, सल्ला देणारे लोक पाठीशी होते. रोज नुसता आकडा पाहिल्याने मात्र साखर उतरत नाही. तापमापक काखेत धरल्याने ताप उतरतो का? आपल्याकडच्या कपाटातल्या मशिनीची गोष्ट इथेच सुरू होते. आकडा दिसतो, पण त्याचे करायचे काय, हे कोणी सांगितलेले नसते.

ज्या आकड्याचे काही करता येत नाही, तो आकडा मग बोचू लागतो. साखर वाढली की लोक म्हणतात, 'आज नापास झालो.' हा शब्द मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. रोज सकाळी उपाशीपोटी परीक्षा आणि निकाल तिथल्या तिथे! साखर वाढण्याला ताप, जखम, कमी झोप, काळजी, एखादे नवे औषध अशी किती तरी कारणे असतात. पण घरात प्रश्न एकच विचारला जातो, 'काल काय खाल्लं होतं?' सून विचारते, मुलगा फोनवर विचारतो, डॉक्टरही विचारतात. साठ वर्षांच्या माणसाने, ज्याने आयुष्यभर घर चालवले, त्याने रोज सकाळी चोरासारखा जबाब द्यायचा. त्यापेक्षा मशीन न उघडलेली बरी, असे त्याला वाटले तर नवल नाही.

माणसे आकडे लपवतात, हेही काही आपल्याकडचेच नाही. १९८४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांना दिलेल्या यंत्रांत आकडे साठवण्याची सोय होती, पण रुग्णांना ते सांगितले नव्हते. नंतर त्यांच्या वह्या आणि यंत्रातले आकडे ताडून पाहिले, तर वहीतले आकडे पुष्कळदा अधिक चांगले निघाले. काही तर न मोजताच लिहिलेले होते. ही माणसे खोटारडी होती असे मला वाटत नाही. वही डॉक्टरला दाखवायची होती आणि बोलणी खायची नव्हती. ज्या वहीपायी माणूस रागावला जातो, ती वही खरी राहत नाही. विल्यम पोलोन्स्की या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली मधुमेहाचा मनावर येणारा ताण मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. हा ताण म्हणजे वेड नव्हे की दुबळेपणा नव्हे. ज्या आजारात एकही दिवस सुट्टी मिळत नाही, त्याचा तो थकवा आहे. शेतातल्या बैलालाही पोळ्याला विसावा मिळतो. मधुमेहाच्या रुग्णाला तोही नाही.

दुसरा अडसर सुईचा. इथेही शब्दांकडे पाहा. आपण म्हणतो, 'तो आता सुईवर गेला.' हे असे बोलतात जणू माणूस शेवटच्या टप्प्यावर आला. मग डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितले की घरात शोककळा पसरते. 'एकदा सुरू झाली की सुटत नाही, सवय लागते,' असे शेजारी सांगतात. इन्सुलिन हे काही व्यसन नाही. आपल्या शरीरातच तयार होणारा तो रस आहे. कमी पडला म्हणून बाहेरून घालायचा. १९२१ साली टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी तो वेगळा काढला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला तो पहिल्यांदा टोचला गेला. त्याआधी अशी मुले उपाशी ठेवून काही महिने जगवली जात आणि मग जात. सुईवर जाणे म्हणजे मरणाकडे जाणे नव्हे. त्या मुलांच्या बाबतीत ते मरणाकडून परत येणे होते.

तिसरा अडसर लोकलज्जेचा. विशेषतः मुलींच्या बाबतीत. बारा-चौदा वर्षांच्या मुलीला इन्सुलिन लागणारा मधुमेह झाला, तर आईबाप पहिली काळजी करतात ती लग्नाची. मग सुई दार लावून, शाळेत नाहीच, पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही. दंडावर चिकटवायचा सेन्सर आता निघाला आहे. तो १४ दिवस राहतो आणि मोबाइलवर साखर दाखवतो. दर वेळी बोट टोचावे लागत नाही. फार सोयीची वस्तू. पण तो दंडावर दिसतो, आणि जे दिसते त्याबद्दल लोक विचारतात. शिवाय तो काही हजारांना पडतो, त्याला चांगला मोबाइल लागतो. रात्री साखर उतरली की तो ओरडून जागे करतो, हे जीव वाचवणारे आहे. पण रोज रात्री जागे होणारी माणसे एक दिवस कंटाळून तो आवाजच बंद करून टाकतात. बोट टोचण्याचा त्रास गेला म्हणून आकड्याचा ताण जात नाही. पूर्वी दिवसातून दोन आकडे होते, आता दर काही मिनिटांनी एक.

माझ्या समाजातल्या एका शंकेबद्दल इथे बोलले पाहिजे. रमजानमध्ये अनेक जण महिनाभर मशीन बंद ठेवतात. बोटातून रक्त काढले तर रोजा मोडेल, अशी त्यांना भीती असते. रक्त तपासल्याने रोजा मोडत नाही, असे उलेमाही सांगतात आणि मधुमेहाचे डॉक्टरही. उलट याच महिन्यात मोजण्याची गरज सर्वांत जास्त असते. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा, असे डॉक्टरांचे मार्गदर्शन आहे. आजाऱ्याला धर्माने सवलत दिलेली आहे. रोजे धरायचेच असतील तर रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून सहरी आणि इफ्तारच्या वेळेप्रमाणे औषध ठरवून घ्यावे. नवरात्राचे आणि श्रावणाचे उपवास करणाऱ्या माझ्या बहिणींनाही हेच सांगणे आहे.

हे झाले मनाचे. आता हाताचे आणि खिशाचे पाहू. एका पट्टीला साधारण १५ ते २० रुपये पडतात. इन्सुलिन घेणाऱ्याने दिवसातून चार वेळा मोजायचे ठरवले तर महिन्याला १८०० ते २४०० रुपये होतात. ३०० रुपये रोजाने ही सहा ते आठ दिवसांची मजुरी झाली. मशीन एकदाच घ्यायची असते, पण पट्टी कायमची. एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या मशिनीत चालत नाही. म्हणून मशीन घेताना ती किती स्वस्त आहे यापेक्षा तिची पट्टी आपल्या तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळते का, हे आधी पाहावे. नागपूरहून आलेल्या सुंदर मशिनीची पट्टी सिरोंचात मिळाली नाही, तर ती मशीन म्हणजे खेळणे.

मग आपला उन्हाळा. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातो. बहुतेक मशिनी ४० ते ४५ अंशांपर्यंतच बरोबर चालतात आणि पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवा, असे डबीवर लिहिलेले असते. टिनाच्या छपराखाली दुपारी मशीन भलतेच दाखवते किंवा काहीच दाखवत नाही. माणूस समजतो, बिघडली. ती बिघडलेली नसते, तापलेली असते. अशा दिवसांत पहाटे मोजावे आणि मशीन घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावी. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. फ्रिज नसेल किंवा वीज जात असेल, तर मातीचे मडके कामी येते. पसरट मडक्यात थोडे पाणी, त्यात प्लास्टिकच्या डबीत बंद केलेली कुपी आणि वरून ओले फडके. फ्रिजइतका गारवा मिळत नाही, पण वापरातली कुपी उन्हाच्या मारापासून वाचते. बर्फात मात्र कधीही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन वाया जाते.

हातांचेही तसेच. रोवणी-कापणी करणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बोटांची कातडी जाड असते. बोटाच्या पेराच्या मधोमध टोचले की दुखते फार आणि रक्त येत नाही. पेराच्या कडेला टोचावे, बोट बदलत राहावे. त्याआधी हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत. बोटाला फळाचा गोड रस लागलेला असला तरी मशीन साखर वाढलेली दाखवते. मोहफुले वेचून आलेल्या बाईने हात न धुता बोट टोचले, तर मशीन तिची साखर मोजणार की मोहाची? आणखी एक धोक्याची जागा सांगतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या बहुधा ४० युनिटच्या असतात. त्यांना लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. ही अदलाबदल झाली तर डोस कमी-जास्त होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा सारखा आहे ना, एवढे दुकानातच पाहून घ्यावे.

आपल्या जिल्ह्यांत मशिनीची गरज आणखी एका कारणाने आहे. डॉक्टर तीन महिन्यांच्या सरासरीची एक तपासणी सांगतात, एचबीए१सी. ही तपासणी तांबड्या पेशींवर अवलंबून असते. आपल्याकडे सिकलसेल पुष्कळ आहे. ज्याला सिकलसेलचा आजार आहे त्याच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे ही सरासरी फसवी येते. घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अशा रुग्णाला बोटाच्या रक्ताची तपासणी हा अधिक भरवशाचा आधार असतो.

मग मशीन कपाटाबाहेर राहावी कशी? याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. आजार वेगळा आहे, पण मोजण्याचे साधन खेड्यात कसे रुजते, हे गडचिरोलीने जगाला दाखवले आहे. १९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्या काळी खेड्यांत बाळे न्यूमोनियाने मरत होती. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मिनिटाला किती, हे मोजावे लागते. गावातल्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. तेव्हा त्यांच्यासाठी 'सर्च'ने श्वास मोजण्याचे साधे साधन तयार केले. त्यात मणी होते आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया. या कामाचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि बालमृत्यू घटल्याचे जगाने पाहिले. पुढे पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्या बायांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले.

ते मण्यांचे साधन कपाटात का गेले नाही? ते स्वस्त आणि सोपे होते, हे खरेच. पण मला दुसरे कारण मोठे वाटते. मणी सरकले की पुढे काय करायचे, हे त्या सुईणीला ठाऊक होते आणि औषध तिच्याच हातात होते. मण्याने तिला कधी नापास केले नाही. त्याने तिला काम सांगितले. तिच्यामागे विचारपूस करणारी, शिकवणारी माणसे होती. आपल्या शुगरच्या मशिनीला यातले काहीच मिळाले नाही. ती दुकानातून पिशवीत आली आणि एकटी पडली.

म्हणून माझी पहिली विनंती रुग्णांना. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा आणि कागदावर लिहून घ्या. मी कधी मोजू? किती आली तर ठीक? आणि कमी-जास्त आली तर मी काय करू? प्रत्येकाला रोज चार वेळा मोजण्याची गरज नसते. केवळ गोळ्यांवर असलेल्याने आठवड्यातून मोजक्या वेळा, पण काही ठरवून मोजले तरी पुष्कळ कळते. आपण झाडीपट्टीची माणसे, दोन्ही वेळ भात खाणारी. एक दिवस नेहमीइतका भात खाऊन जेवणाआधी आणि दोन तासांनी मोजा. दुसऱ्या दिवशी भात निम्मा, वरण-भाजी जास्त, आणि पुन्हा तसेच मोजा. चार पट्ट्यांत तुमचे ताट तुम्हाला कळेल. जे इन्सुलिन घेतात किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या खातात, त्यांनी शेतात जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरले, घाम फुटला, मशिनीत ७० च्या खाली आकडा आला, तर तीन चमचे साखर खावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे.

दुसरी विनंती घरच्यांना. 'काल काय खाल्लं होतं' हा प्रश्न काही दिवस बंद करून पाहा. त्याऐवजी विचारा, 'आज कसं वाटतं?' आकडा वाढलेला दिसला तर त्या माणसाबरोबर संध्याकाळी अर्धा तास चालायला जा. त्याच्या ताटात वेगळे वाढण्यापेक्षा सगळ्यांचेच ताट थोडे बदला. आजार एकाचा असला तरी पथ्य एकट्याचे असू नये.

तिसरी विनंती आरोग्य खात्यातल्या माझ्या भावा-बहिणींना. तिशी उलटलेल्यांची माहिती आशाताई घरोघरी जाऊन भरतात, उपकेंद्रात साखरही तपासली जाते, हे चांगले आहे. पण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तेव्हा पलीकडच्या गावातल्या इन्सुलिनवाल्या रुग्णाकडे किती दिवसांचे औषध आणि किती पट्ट्या आहेत, याची यादी पूर येण्याआधी आशाताईजवळ असली पाहिजे. आणि वहीत वाढलेला आकडा दिसला, तर रागावण्याआधी एक शाबासकी द्यावी. कारण तो आकडा खरा आहे, आणि त्या माणसाने तो खरा लिहिला आहे. त्यावरून काय बदलायचे, ते मग दोघांनी बसून ठरवता येते.

आज घरी गेल्यावर कपाट उघडून मशीन बाहेर काढा. सेल संपला असेल तर बदला, पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघा. आणि ती मशीन जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी आणली होती, त्या माणसाजवळ दहा मिनिटे बसा. बोट टोचण्याआधी बसा.